बाबांचं क्रिएटिनिन, घरभर गूगल आणि पिशवीतले रिपोर्ट

मुग्धा_मुलुंड (धागाकर्ती)

आरोग्य विभागात शोधलं, नेमका असा धागा दिसला नाही म्हणून नवा काढतेय. आधीचा कुणाला सापडला तर लिंक द्या, हा बंद करायला सांगते.

माझे बाबा ७१ वर्षांचे. वार्षिक तपासणीत क्रिएटिनिन (रक्तातला टाकाऊ पदार्थ, किडनी मंदावली की वाढतो) १.४ आलं. आमच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, गोळ्यांची यादी विचारली, गुडघ्यासाठी बाबा मनानंच घेत होते ती दुखण्यावरची गोळी बंद केली, 'तीन महिन्यांनी परत करू, सोबत लघवीची एक तपासणी' म्हणाले आणि पुढचा पेशंट बोलावला. इथवर घर शांत होतं. मग सगळ्यांनी मोबाइल काढले.

भावानं रिपोर्टचा फोटो एआयला दिला, उत्तरात 'स्टेज ३' आलं. आई स्टेज म्हटलं की एकच आजार ओळखते, तिनं डोळ्याला पदर लावला. लंडनच्या आतेभावानं फोनवर सांगितलं, आमच्याकडे हा आकडा शंभरच्या आसपास असतो, १.४ म्हणजे लॅबनं माती खाल्लीय. म्हणून दुसऱ्या लॅबमध्ये पाठवलं. तिथेही क्रिएटिनिन १.४च, पण ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा अंदाज) पहिल्या लॅबचा ५४ आणि हिचा ५०. आठवड्यात चार अंक घसरले म्हणून पुन्हा रडारड. त्यात सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांनी कमरखाचा (स्टार फ्रूटचा) रस सुचवलाय. 'रोज सकाळी अनशापोटी, किडनी धुऊन निघते.'

डॉक्टरांवर अविश्वास नाही. पण पुढची तपासणी होईपर्यंत घरात हा गोंधळ चालणार आणि उत्तरं मलाच द्यावी लागणार. तुम्ही अशा वेळी कुठे बघता? कशावर विश्वास ठेवता? आणि दुसरं म्हणजे, डॉक्टरांनी आधीचं क्रिएटिनिन किती होतं विचारलं, तर आमच्याकडे एक कापडी पिशवी आणि सगळ्यांच्या फोनमध्ये विखुरलेले फोटो. त्यातून काही मिळेना. रिपोर्ट ठेवता कसे तुम्ही लोक?

टिकोजीराव

रुमाल टाकून ठेवतो. आमची पिशवी साडीच्या दुकानातली आहे, बाकी सगळं सेम.

रात्रपाळी

ताई, मी मेडिसिनचा रेसिडेंट आहे, पण तुमच्या बाबांना तपासलेलं नाही, तेव्हा निदान-उपचार तुमच्या डॉक्टरांचेच. फक्त आकड्यांचं सांगतो, कारण ते सुटण्यासारखं आहे.

आतेभाऊही बरोबर आणि लॅबही बरोबर. आपल्याकडे क्रिएटिनिन मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये देतात, ब्रिटनमध्ये मायक्रोमोल प्रति लिटरमध्ये. आपल्या आकड्याला ८८.४ नं गुणलं की त्यांचा येतो. १.४ म्हणजे त्यांच्याकडचे १२४. साखरेचंही असंच. तिकडे ७ म्हणतात ती आपली १२६, कारण तिथला आकडा १८ नं गुणावा लागतो. परदेशी साइट वाचताना आधी आकड्याच्या पुढे काय लिहिलंय ते बघा, मग घाबरा.

आता ५४ आणि ५०. ईजीएफआर नळीत मोजत नाहीत. क्रिएटिनिन, वय आणि स्त्री की पुरुष हे सूत्रात घालून काढतात. सध्या सीकेडी-ईपीआय नावाचं सूत्र चालतं आणि त्याच्या दोन आवृत्त्या फिरताहेत, २००९ची आणि २०२१ची. जुन्या सूत्रात वंशाचा घटक होता, तो २०२१मध्ये काढला आणि गुणक नव्यानं बसवले. मी आत्ता दोन्हींत घालून पाहिलं: ७१ वर्षं, पुरुष, १.४. नव्यानं ५४ येतात, जुन्यानं ५०. म्हणजे बाबांची किडनी पहिल्या लॅबमधून दुसऱ्या लॅबमध्ये जाईपर्यंत बिघडलेली नाही. रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरांत सूत्राचं नाव असतं, ते बघा.

'स्टेज ३' बद्दल. ईजीएफआर ४५ ते ५९ असेल तर ३ए म्हणतात, हे एआयनं खोटं सांगितलं नाही. पण हा जुनाट आजार आहे असं म्हणायला ही स्थिती निदान तीन महिने टिकावी लागते. पाणी कमी पडलं, दुखण्यावरची गोळी चालू होती, ताप येऊन गेला, यानंही क्रिएटिनिन तात्पुरतं चढतं. तुमच्या डॉक्टरांनी गोळी बंद करून तीन महिन्यांनी बोलावलं आणि लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन बघू म्हणाले, यात सगळं आलं. किडनीच्या डॉक्टरांच्या केडिगो या आंतरराष्ट्रीय गटाची मार्गदर्शक तत्त्वं नेटवर फुकट आहेत, त्यांतही हेच आहे.

मुग्धा_मुलुंड

हुश्श! तळाशी खरंच लिहिलंय. पहिल्यावर '२०२१' आहे, दुसऱ्यावर '२००९'. आईला दाखवलं. तिचं म्हणणं, मग एवढं महत्त्वाचं होतं तर मोठ्या अक्षरात का नाही लिहिलं. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

जुनं_कॅटलॉग

मी निवृत्त ग्रंथपाल. सगळी नोकरी वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, लालबाग-परळच्या बाजूला. त्यामुळे 'कुठे बघता' विचारलंस की माझी लांबण लागणारच. चहा घेऊन बस.

आम्ही लागलो तेव्हा शोध म्हणजे 'इंडेक्स मेडिकस'चे खंड. १८७९मध्ये जॉन शॉ बिलिंग्ज यांनी सुरू केलेली ही सूची. थीसिसचा विद्यार्थी आला की आधी त्याचा विषय कुठल्या शीर्षकाखाली येईल ते ठरवायचं, मग एकेका वर्षाचा खंड टेबलावर उतरवायचा, बारीक टायपावर बोट फिरवत लेखाचं नाव, जर्नल, खंड, पान चिठ्ठीवर उतरवायचं. त्यानंतर ते जर्नल आपल्याकडे येतं का ते बघायचं. नसलं तर दुसऱ्या ग्रंथालयाला पत्र आणि झेरॉक्सची वाट. पुढे याच सूचीची संगणकी आवृत्ती, मेडलाइन, सीडीवर आली. एका संगणकापुढे रेसिडेंट लोकांची रांग, आणि कोण किती वेळ बसला यावरून रोजची भांडणं.

ही सूची संगणकावर चढवली अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयानं, १९६४मध्ये. नाव मेडलार्स. गंमत अशी की तो खटाटोप मुळात छापील खंड वेळेवर निघावेत म्हणून होता. १९९७च्या जूनमध्ये तिचं नेटवरचं रूप, पबमेड, जगाला फुकट उघडं झालं आणि २००४ नंतर छापील इंडेक्स मेडिकस निघालाच नाही. आज पबमेडमध्ये साडेतीन कोटींहून जास्त नोंदी आहेत आणि त्या मुलुंडच्या सोफ्यावरून दिसतात. याचं मला अजूनही अप्रूप आहे.

पण पबमेड म्हणजे काय ते नीट समजून घे. ती सूची आहे. लेखाचं नाव, लेखक, बहुतेक वेळा सारांश. पूर्ण लेख प्रकाशकाच्या साइटवर असतो, किंवा पबमेड सेंट्रल या फुकट भांडारात असला तर तिथे. 'पबमेडवर आलंय' हे आजकाल लोक 'कोर्टानं सांगितलंय' या सुरात म्हणतात. तसं काही नाही. मेडलाइनमध्ये जर्नल निवडून घेतात, पण पबमेडमध्ये त्याच्या बाहेरचंही बरंच येतं, अगदी परीक्षण न झालेले मसुदेसुद्धा. उंदरांवरचा प्रयोग, एकाच रुग्णाची हकिगत, संपादकाला पत्र, सगळं एकाच यादीत, एकाच टायपात. नोंद सापडली याचा अर्थ लेख छापला गेला, इतकाच.

त्या कमरखाचंच बघ, उदाहरण म्हणून. शोधचौकटीत इंग्रजीत 'स्टार फ्रूट' आणि 'किडनी' टाक. रस प्यायल्यावर थांबेचना अशी उचकी, मग भ्रम, आकडी. डायलिसिसवरच्या आणि किडनी कमजोर असलेल्या रुग्णांच्या अशा हकिगती ओळीनं येतात, काही मृत्यूच्याही. कारणही शोधलेलं आहे. ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी २०१३मध्ये कमरखातून कॅरंबॉक्सिन नावाचं द्रव्य वेगळं काढलं. ते मेंदूवर परिणाम करतं, आणि धड किडनी ते बाहेर टाकते, कमजोर किडनी टाकत नाही. शिवाय या फळात ऑक्झलेट भरपूर, त्यामुळे उपाशीपोटी भरपूर रस पिऊन चांगल्या किडन्यांनाही इजा झाल्याचे लेख आहेत. 'किडनी धुऊन निघते'च्या बाजूचं मला तिथे काही दिसलं नाही. सोसायटीच्या काकांना हे शांतपणे कळव.

आता शोधायची रीत. तू 'हार्ट अटॅक' टाकलंस तरी पबमेड मागच्या मागे 'मायोकार्डियल इन्फार्क्शन' खाली शोधतं, कारण प्रत्येक लेखाला ठरलेल्या शब्दसंग्रहातली शीर्षकं चिकटवलेली असतात. त्याला मेश म्हणतात, १९६०पासून चालू आहे. ही शीर्षकं पूर्वी माणसं लेख वाचून लावायची, अलीकडे बहुतांशी प्रोग्रामच लावतो. (जुन्या माणसांना विचाराल तर फरक कळतो.) डावीकडे गाळण्या आहेत. तिथे 'सिस्टेमॅटिक रिव्ह्यू' वर टिचकी मारलीस तर एकेकटे अभ्यास बाजूला होतात आणि सगळे अभ्यास एकत्र तोलून लिहिलेले लेख राहतात. कॉक्रेन (असे आढावे काढणारी आंतरराष्ट्रीय संस्था) नाव दिसलं तर तो आधी उघड, निष्कर्ष साध्या भाषेतही दिलेले असतात.

एवढं सांगून उलटंच सांगते. घरच्या माणसानं सुरुवात पबमेडपासून करू नये. आधी मेडलाइनप्लस बघ, त्याच ग्रंथालयानं १९९८मध्ये सर्वसामान्यांसाठी काढलेली साइट आहे. किंवा ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेची, एनएचएसची. जाहिरात नाही, 'आमचं पावडर घ्या' नाही. तिथे आजार समजला की मग हवं तर पबमेडमध्ये उतर. आपल्या फोर्टात पूर्वी 'हेल्प' नावाचं रुग्णांसाठी फुकट ग्रंथालय होतं, मी अनेकांना तिथे धाडलंय. तिथेही हाच क्रम होता. आधी माहितीपत्रक, मग पुस्तक, जर्नल अगदी शेवटी.

सई_दादर

बापरे, कमरख! आमच्या शाळेच्या गेटवर कापून तिखटमीठ लावून द्यायचा भय्या. चांदण्या खाऊनच मोठे झालो.

रात्रपाळी

@सई_दादर, किडनी ठीक असलेल्या माणसानं चार फोडी खाल्ल्या तर काही होत नाही, झोप शांत. किडनीचा त्रास असलेल्यानं मात्र चवीलाही नको. आणि मुग्धाताई, बाबांचं अजून काही ठरलेलं नाही, पण रस नकोच.

जुनं_कॅटलॉग यांचा प्रतिसाद प्रिंट काढून आमच्या डिपार्टमेंटला लावणार आहे. आम्हीही याहून धड शोधत नाही. ड्यूटीवर बहुतेक जण अपटूडेट ही डॉक्टरांसाठीची साइट उघडतात, कारण तिथे कुणीतरी आधीच वाचून शिजवून ठेवलेलं असतं. ते पैशाचं काम आहे, घरी घेण्यासारखं नाही.

एक भर घालतो. औषध शोधताना ब्रँडचं नाव टाकू नका. पट्टीवरचं मूळ नाव टाका, कारण आपल्याकडचे ब्रँड परदेशी साइटना माहीत नसतात, आणि कधी तेच नाव तिकडे भलत्याच औषधाचं असतं. अमेरिकन साइटवर पॅरासिटामॉल 'अ‍ॅसिटॅमिनोफेन' या नावानं भेटेल, सॅल्ब्युटामॉल 'अल्ब्युटेरॉल' म्हणून.

मॉडर्न_माणूस

हे सगळं वाचून दमलो. एआयला रिपोर्ट दिला की दोन मिनिटांत मराठीत समजावतो. ग्रंथपाल काकू, राग मानू नका, पण मेश-बिश आता कोण शिकणार?

जुनं_कॅटलॉग

राग कसला. मीही वापरते. नातवाच्या त्वचेचा रिपोर्ट त्यानं मला फार छान समजावला. अवघड मजकूर सोपा करून घ्यायला, डॉक्टरांना काय विचारायचं त्याची यादी करायला तो चांगलाच आहे.

पण पुरावा मागितलास की सांभाळ. लेखक खरा, जर्नल खरं, साल शोभेलसं, आणि असा लेख कधी लिहिलाच गेलेला नाही, असे संदर्भ तो देतो. तपासायला एक मिनिट लागतं. पबमेडच्या प्रत्येक नोंदीला पीएमआयडी नावाचा क्रमांक असतो. एआयनं दिलेला क्रमांक चौकटीत टाक. बोलणं किडनीचं चाललेलं असावं आणि क्रमांकानं गाईंच्या खुरांवरचा लेख उघडावा, इतपत मजा होऊ शकते. हे संदर्भ घेऊन थीसिस लिहिणारी मुलं मी निवृत्तीच्या आधी पाहिली आहेत, गाइडनंच पाठवलेली.

आणि लेख खरा असला तरी तो अजून उभा आहे ना तेही बघावं लागतं. २०२०च्या मे महिन्यात लॅन्सेट या जर्नलमध्ये कोविडसाठी दिल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवर एक मोठा लेख आला, जगभरच्या हॉस्पिटलांची माहिती वापरल्याचा दावा होता. त्यावरून चाचण्या थांबल्या. पण ती मूळ माहिती कुणाला तपासूच देईनात, आणि दोन आठवड्यांत लेखकांनीच लेख मागे घेतला. आज पबमेडमध्ये त्या नोंदीवर लेख मागे घेतल्याची ठळक पट्टी दिसते. लेखाचा फॉरवर्ड झालेला पीडीएफ मात्र पट्टीशिवायच फिरतो.

रात्रपाळी

+१. आणि रिपोर्ट एआयला देताना वरचं नाव, वय, फोन, लॅबचा बारकोड झाका. लोक बिनधास्त पूर्ण पान टाकतात.

डार्करूम

धागा चांगला चाललाय पण मुग्धाताईंच्या दुसऱ्या प्रश्नाकडे कुणी वळेना, म्हणून मी. रेडिओलॉजीत टेक्निशियन आहे, पूर्वी फिल्म धुवायचो, आता सर्व्हर सांभाळतो.

माझं स्पष्ट मत, जगाची माहिती कमी पडून पेशंट अडत नाही. त्याचीच माहिती त्याच्याजवळ नसते म्हणून अडतो. रोज माणसं सीटीला येतात. 'आधी कधी काढला होता?' 'हो, गणपतीच्या आधी.' 'आणलाय?' मग मोबाइल पुढे येतो. फिल्म खिडकीला चिकटवून काढलेला फोटो, मागे समोरच्या बिल्डिंगची ग्रिल आणि वाळत टाकलेला टॉवेल. यावरून आमचे डॉक्टर गाठ वाढली की तेवढीच आहे ते कसं सांगणार?

फोटोत काय हरवतं ते सांगतो. सीटीच्या चित्रात साधारण ४०९६ करड्या छटा साठवलेल्या असतात. फोनच्या फोटोत २५६. फिल्मवर छापताना टेक्निशियन त्यातला एक पट्टा निवडतो, फुप्फुसं दिसावीत असा किंवा हाडं दिसावीत असा, आणि तोच कागदावर गोठतो. मूळ फाइल असली की डॉक्टर स्क्रीनवर तोच काप फुप्फुसांसाठी एकदा, हाडांसाठी एकदा बघू शकतात, मिलिमीटरमध्ये मोजू शकतात. शिवाय काप शेकडो असतात, फिल्मवर निवडक येतात. या फाइलींच्या पद्धतीला डायकॉम म्हणतात. १९८५मध्ये अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्ट आणि यंत्रं बनवणाऱ्यांच्या संघटनांनी मिळून पहिलं मानक काढलं, १९९३पासून डायकॉम हे नाव. मशीन कुठल्याही कंपनीचं असो, फाइल दुसरीकडे उघडते ती यामुळे.

म्हणून सीटी, एमआरआय काढला की फिल्म मिळो न मिळो, सीडी किंवा डाउनलोडची लिंक मागून घ्या. लिंक काही दिवसांनी मरते, घरी पोचल्यावर त्याच दिवशी उतरवून घ्या. सीडी मिळाली तर अख्खी कॉपी करा, जशीच्या तशी. लोक काय करतात, सीडीवरचा बघायचा प्रोग्राम तेवढा कॉपी करतात आणि चित्रांचे फोल्डर सोडतात, कारण त्या फाइलींची नावं विचित्र आकडे असतात आणि डबल क्लिक केलं तरी उघडत नाहीत. तोच तर माल आहे! 'डायकॉमडिर' नावाची फाइल दिसली तर तीही सोबत हवी. सगळं झिप करून पेन ड्राइव्हवर आणि आणखी एका ठिकाणी ठेवा. नव्या लॅपटॉपना सीडीची फटच नाही, तेव्हा हे काम आजच करून घेतलेलं बरं. आणि फुकट बघायला देणाऱ्या भलत्यासलत्या साइटवर चढवू नका, चित्रासोबत फाइलीत पेशंटचं नाव, जन्मतारीखही असते.

रक्ताचे रिपोर्ट सोपे. लॅब ईमेलनं पीडीएफ देते तीच ठेवायची, तिचा फोटो नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची तर 'डॉक्युमेंट' म्हणून. फाइलीच्या नावात आधी साल, मग महिना, मग तारीख, मग तपासणी आणि लॅब, की आपोआप क्रमानं लागतात. आकडे इंग्रजी ठेवा, नाहीतर काही प्रिंटरवाले गडबडतात.

टिकोजीराव

खिडकीची ग्रिल वाचून बायकोनं माझ्याकडे पाहिलं. पुढचं लिहीत नाही.

रात्रपाळी

डार्करूमशी शंभर टक्के सहमत. ओपीडीत मला हवं असतं ते एका कागदावर मावतं. क्रिएटिनिनचे जुने आकडे तारखांसकट, चालू गोळ्या मिलिग्रॅमसकट, कशाची अ‍ॅलर्जी, कुठली ऑपरेशनं. ७१ वर्षांच्या माणसाचं क्रिएटिनिन गेली पाच वर्षं १.३-१.४ असेल तर ती एक गोष्ट, आणि मागच्या दिवाळीत ०.९ असेल तर अगदीच निराळी. एकटा १.४ काही बोलत नाही.

आप्पा_गिरगाव

अहो पण हे सरकारनं करायचं काम ना? आधार झालं, पॅन झालं, आता ते आभा. माझं कार्ड नातीनं काढून दिलं. एका मोठ्या सरकारी रुग्णालयात गेलो, क्यूआर स्कॅन केला, टोकन आलं, रांग वाचली हे कबूल. आत गेल्यावर मात्र केस पेपर पुन्हा हातानंच लिहिला. मग माझी माहिती गेली कुठे? कुणाच्या हातात पडली?

कोडवाला

आप्पा, मी ऐरोलीत हॉस्पिटलांचंच सॉफ्टवेअर लिहितो, म्हणून सांगतो. आभा म्हणजे १४ अंकी आरोग्य-ओळख क्रमांक. आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं २७ सप्टेंबर २०२१ला. क्रमांकात तुमचे रिपोर्ट भरलेले नसतात. रिपोर्ट जिथे तयार झाला तिथल्याच सर्व्हरवर राहतो, क्रमांक त्यांना एका धाग्यात ओवतो. दुसऱ्या डॉक्टरांना बघायचे असतील तर तुमच्या फोनवर परवानगी मागितली जाते, काय बघायचं, किती काळ, ते तुम्ही ठरवता, आणि दिलेली परवानगी काढूनही घेता येते. कार्ड काढणं ऐच्छिक आहे, नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत.

कागदावर उत्तम. अडतं कुठे, तर हॉस्पिटलनं आपली यंत्रणा खरंच जोडलेली असली पाहिजे. टोकनापुरतं जोडणं सोपं, म्हणून ते आधी झालं. आतल्या डॉक्टरांनी संगणकात नोंद केलीच नाही, तर धाग्यात ओवायला मणीच नाही. तुमचा केस पेपर हातानं लिहिला, तेव्हा तो आभात यायचा प्रश्नच नव्हता. गल्लीतल्या लहान लॅब तर अजून या भानगडीत बऱ्याच कमी आहेत. म्हणून माझा सल्ला, आभा काढा, जोडले जातील ते रिपोर्ट येऊ द्या, पण त्याच्या भरवशावर पिशवी फेकू नका. पीएचआर अ‍ॅपमध्ये (आभाशी जोडलेलं, आपले रिपोर्ट ठेवायचं अ‍ॅप) आपले जुने पीडीएफ स्वतःही चढवता येतात.

आप्पा_गिरगाव

बरं. पण दाखल होतो तेव्हाचे कागद? मागितले तर 'रेकॉर्ड रूम बंद आहे' सांगतात.

रात्रपाळी

आप्पा, मेडिकल कौन्सिलचे २००२चे नियम आहेत. दाखल रुग्णाचं रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ठेवायचं, आणि रुग्णानं किंवा त्यानं नेमलेल्या माणसानं मागितलं तर ७२ तासांत द्यायचं. तोंडी मागू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. पोच मागितली की रेकॉर्ड रूम उघडते, असा अनुभव आहे. तीन वर्षांनंतर नशीब.

फिजिओ_विरार

थोडं अवांतर. मी फिजिओथेरपी शिकतेय, खाजगी कॉलेज. पबमेडवर सारांश दिसतो, पूर्ण लेखाला डॉलर मागतात. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'मध्ये आम्हाला मिळतं का?

जुनं_कॅटलॉग

नाही गं, सध्या नाही. २०२४च्या नोव्हेंबरात मंत्रिमंडळानं ती योजना मंजूर केली, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी, ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नलं. पण सरकारी शिक्षणसंस्था आणि संशोधनसंस्थांसाठी. खाजगी कॉलेज आणि साधा नागरिक बाहेरच. मला हे पटत नाही, पण तो वेगळा धागा होईल.

तोवर पबमेडच्या डावीकडे 'फ्री फुल टेक्स्ट' लाव. त्यात नाही मिळालं तर लेखकांच्या माहितीत बऱ्याचदा एखाद्या लेखकाचा ईमेल असतो, त्याला दोन ओळी लिही. बहुतेक जण आनंदानं पीडीएफ पाठवतात, आपलं कुणी वाचतंय यानंच खूश होतात. आणि भारतीय जर्नलं विसरू नकोस. केईएम आणि सेठ जीएस मेडिकल कॉलेजच्या शिक्षकांचं 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' १९५५पासून परळमधून निघतंय, ते नेटवर पूर्ण उघडं आहे. वैद्यकीय नीतीवरचं 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स' हेही मुंबईचंच, तेही फुकट. आपल्या रुग्णांचं वजन, आहार, आजार यांचे आकडे तिथे मिळतात, ते न्यू इंग्लंडच्या जर्नलात सापडणार नाहीत. एखाद्या उपचाराची भारतात चाचणी चालू आहे का ते पाहायचं तर सीटीआरआय ही नोंदवही बघ. २००९च्या जूनपासून चाचणीची तिथे आधी नोंद करणं सक्तीचं आहे.

मात्र 'तुमचा लेख आठवड्यात छापतो, फी पाठवा' असा ईमेल आला की उत्तरही देऊ नकोस.

मुग्धा_मुलुंड

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी बसून पिशवी रिकामी केली. बाबांचे २०१९पासूनचे क्रिएटिनिन लॅबच्या जुन्या ईमेलांत सापडले, कोविडच्या वर्षाचा मात्र नाही. १.२, १.३, १.३, १.४. एका कागदावर लिहून डॉक्टरांना पाठवले. त्यांचं उत्तर: 'छान. घाई नाही. ठरल्याप्रमाणे.' आई आता शांत आहे, आतेभावाला ८८.४ पाठवलंय, कमरखवाल्या काकांनी मेसेज डिलीट केलाय, पण कोरफडीचा नवा टाकलाय.

एक शेवटचा प्रश्न, डार्करूम. पिशवीत बाबांचे जुने ईसीजी निघाले, त्या गुलाबी चौकटींच्या पट्ट्या. काही इतक्या फिकट झाल्यात की रेघ दिसत नाही. ते कसे ठेवायचे?

डार्करूम

तो थर्मल कागद आहे, एटीएमच्या पावतीसारखा. उष्णतेनं उमटतो आणि उष्णतेनं, उजेडानं, प्लास्टिकनं उडतो. प्लास्टिकच्या पारदर्शक फोल्डरमध्ये ठेवलेले असतील तर आधी बाहेर काढा, त्यानंच सगळ्यात लवकर जातात. लॅमिनेशन तर चुकूनही नको, गरम रोलरखाली अख्खी पट्टी काळी होते. आज दिसतायत त्यांचं स्कॅनिंग करा, नाहीतर गल्लीतून साधी झेरॉक्स काढा, ती टिकते. झेरॉक्सवर तारीख पेनानं लिहा, मूळ पट्टीवरची आधी उडते. फिकट झालेल्यांचा उजेडात तिरका धरून फोटो काढून बघा, कधी कधी रेघ सापडते. मूळ पट्ट्या कागदी पाकिटात. स्कॅन करताना चौकटी दिसल्या पाहिजेत, 'ब्लॅक अँड व्हाइट' नको, रंगीत करा. चौकटी गेल्या तर डॉक्टरांना मोजता येत नाही.